भिंतीकडं तोंड करून

मिरजेच्या त्या तंबोरेवाल्याला कुठलीही वस्तू बोटाच्या गाठीनं वाजवून बघितल्याबिगर चैन पडत नाही. कलिंगड, दार, गिऱ्हाईकाची पाठ, सगळं ठोकतो. आणि स्वतःच केलेल्या नव्या तंबोऱ्यांना नावं ठेवतो. "आबा, ह्याला अजून मिसरूड फुटायचंय," म्हणतो. असं बोलून माल खपतो कसा, देव जाणे.

बायको गेल्यावर तिचा भजनाचा तंबोरा मी तासगावहून एस.टी.त मांडीवर घेऊन त्याच्याकडं नेला. भोपळा चिरला होता. त्यानं तो सांधला आणि सुनेसाठी त्याच मापाचा नवा केला.

न्यायला गेलो तर म्हणाला, "भिंतीकडं तोंड करा. दोन्ही वाजवतो. वहिनींचा कुठला, सांगा."

माझी फजिती बघायची हौस, दुसरं काय! चाळीस वर्षं ऐकलेला आवाज मी चुकतोय व्हय?

पहिला वाजला. दुसरा वाजला आणि माझे डोळेच भरले.

"हाच तिचा," मी म्हणालो.

वळलो, तर त्याच्या मांडीवर नवा करकरीत तंबोरा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्यात विसरलो तिला?

तो हसला नाही. माझी पाठ ठोकत म्हणाला, "चुकला न्हाई, आबा. वहिनींच्याच तारा चढवल्यात ह्याच्यावर."

त्या गंजक्या तारा त्यानं पहिल्याच दिवशी माझ्यादेखत कचऱ्यात टाकल्या होत्या. खोटारडा कुठला!

"तरीच," मी म्हणालो.