ओलिंदोंचं शनिवारचं तिरामिसू

ओलिंदो झांकेत्तांची बहीण एर्सिलिया मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी गेली. खुराड्यातून अंडी घेऊन आली, टोपली टेबलावर ठेवली, खुर्चीत बसली आणि उठलीच नाही. ओलिंदो समोरच कॉफी पीत होते. त्यांनी दोनदा हाक मारली, तिच्या मनगटाला हात लावून पाहिला, कपातली उरलेली कॉफी संपवली आणि मग डॉक्टरांना फोन केला.

हे मला त्यांनीच सांगितलं. मी गावातल्या औषधांच्या दुकानात बावीस वर्षं काउंटरमागे उभी आहे. ट्रेविझोला जायला इथून बसने पाऊण तास लागतो, त्यामुळे माणसं आधी माझ्याकडे येतात आणि नाइलाज झाला तरच शहरातल्या डॉक्टरकडे जातात. ओलिंदो आले तेव्हा अंत्यविधीला तीन आठवडे झाले होते. दाढी केलेली, कोटाची बटणं नीट लावलेली. दुकानात कोणी नाही असं बघून ते पुढे आले.

"काहीतरी औषध द्या."

"कुठे दुखतंय?"

"कुठेच दुखत नाही. तेच तर सांगतोय."

मग त्यांनी ते कॉफीचं सांगितलं. "अर्धा कप उरला होता. गार होईल म्हणून प्यायलो. बहीण समोर मेलेली, आणि मी कॉफी गार होईल म्हणून प्यायलो. चर्चमध्ये सगळे रडले, चुलत बहिणीचा तो जावईसुद्धा रडला, ज्याला ती घरात घेत नव्हती. मी बसून समोरच्या बाकाचे खिळे बघत होतो. अजून तसंच आहे. झोप लागते. जेवण जातं. हे बरोबर आहे का?"

मी म्हटलं, होतं असं कधी कधी, वेळ जाऊ द्या. याला औषध नसतं, पण डॉक्टरांच्या कानावर घाला. त्यांनी मान डोलावली, घशाच्या गोळ्यांचं एक पाकीट घेतलं आणि निघून गेले. दुकानात येऊन रिकाम्या हाती जायचं त्यांना बरं वाटलं नसावं.

ओलिंदो चौतीस वर्षं मोंतेबेल्लूनाच्या एका कारखान्यात बर्फावर घसरायच्या बुटांना बकल बसवत होते. लग्न केलं नाही. एर्सिलियानेही नाही. आईवडील गेल्यावर दोघं त्याच घरात राहिली, एकेचाळीस वर्षं. स्वयंपाकघर तिचं आणि बाग त्यांची, ही वाटणी कोणी बोलून केली नव्हती, पण ओलिंदो पाणी प्यायला ओट्याजवळ गेले तरी ती म्हणायची, "काय हवंय? बस तिकडे, देते." दर शनिवारी ती काचेच्या लांबट भांड्यात तिरामिसू लावायची, कॉफीत भिजवलेल्या बिस्किटांचे आणि मलईचे थर, आणि रविवारी दुपारच्या जेवणानंतर दोघं ते खायची, उरलेलं शेजारीपाजारी जायचं. ओलिंदोंनी त्याला कधी चांगलं म्हटलं नाही, कधी नावं ठेवली नाहीत. एकदाच म्हणाले होते, "मागच्या वेळी कमी कडू होतं." त्यावर ती बुधवारपर्यंत बोलली नव्हती.

ती गेली, पण कोंबड्या होत्याच. नऊ कोंबड्या, वसंताचे दिवस, रोज सहा-सात अंडी. ओलिंदो सकाळी जाऊन ती गोळा करत, कारण दार उघडलं नाही तर कोंबड्या फार ओरडत. पण अंड्यांचं पुढे काय करायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. सकाळी दोन उकडून खात. बाकीची वाडग्यात ठेवत. वाडगा भरला की पातेल्यात, पातेलं भरलं की दुसऱ्या पातेल्यात.

एप्रिलमध्ये शेजारची नोएमी त्यांच्याकडे गेली. अंत्यविधीच्या दिवशी तिच्या घरून सूप आलं होतं, ते पातेलं परत न्यायला. नोएमी एर्सिलियाच्या वर्गातली. गुडघे गेलेले, पण तोंड शाबूत. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि ती दारातच थांबली. ओटा, टेबल, खिडकीची कड, सगळीकडे अंडी. तिच्या सुपाच्या पातेल्यातसुद्धा अंडी.

"अरे ओलिंदो, हे काय? उबवायला बसणारेस की काय?"

"टाकवत नाहीत."

"मग वाटून टाक."

"ती वाटायची. मी कुणाच्या दारात जाऊन काय बोलू?"

नोएमी खुर्ची ओढून बसली. "तिरामिसू कर. सहा बलक एका फटक्यात संपतात. पांढरं मला दे, मी त्याची बिस्किटं भाजते."

"मला येत नाही."

"चाळीस वर्षं खाल्लंस की!"

"खाल्लं. बघितलं नाही."

पुढचं मला नोएमीने सांगितलं, तेही तीन-चार वेळा, आणि दर वेळी हातवारे करून. आधी तिने बादलीभर पाणी आणायला लावलं. अंडी कच्चीच घालायची असतात, म्हणून एकेक पाण्यात सोडून बघायचं. तळाशी आडवं पडेल ते ताजं, वर तरंगेल ते खड्ड्यात. ओलिंदोंनी पाऊण तास बसून सगळी अंडी पाण्यात सोडली. निम्म्याहून जास्त वर आली. ती बागेत नेऊन पुरली, परत आले, हात धुतले आणि विचारलं, "आता?"

त्या शनिवारी दुकानातून मस्कारपोने आलं, साईसारखं दाट चीज, आणि बोटाएवढ्या लांब बिस्किटांची दोन पाकिटं. ओलिंदोंनी कॉफी केली, चांगली कडक, आणि पसरट थाळीत ओतून गार करत ठेवली. सहा बलक, सहा चमचे साखर. नोएमी खुर्चीतून हलली नाही, कशाला हात लावला नाही.

"फेट."

त्यांनी फेटलं.

"झालं?"

"पिवळं दिसतंय का?"

"हो."

"मग नाही झालं. पांढरट व्हायला हवं."

बकल बसवून बसवून त्यांची मनगटं लोखंडासारखी झालेली. नोएमीने शेजारच्या पाच घरांच्या बातम्या सांगितल्या, तरी ते फेटतच होते. चेहऱ्यावर कंटाळा नाही, घाई नाही, काहीच नाही. "मला भीती वाटली गं," नोएमी मला म्हणाली. "असं वाटलं, थांब म्हटलं नाही तर हा रात्रीपर्यंत फेटत राहील."

मग मस्कारपोने थोडं थोडं घालून हलक्या हाताने मिसळलं. इथपर्यंत ठीक होतं. बिस्किटं बुडवताना घोटाळा झाला. नोएमीने सांगितलं होतं, कॉफीत टेकवायचं, उलटायचं, काढायचं. ओलिंदोंनी टेकवलं आणि थांबले.

"काढ! काढ म्हटलं ना! पोहायला शिकवतोयस का त्याला?"

काढेपर्यंत बिस्किटाचा लगदा. तरी त्यांनी तोच लगदा भांड्यात पसरला, वर मलई, परत बिस्किटं, परत मलई, वरून कोकोची पूड. भांडं फ्रिजमध्ये गेलं.

रविवारी दुपारी ते तेच भांडं घेऊन माझ्या दारात उभे. मी समोरच राहते. "थोडं खाऊन बघता का? नोएमी छान झालंय म्हणते. मला काही कळत नाही. गार आहे आणि गोड आहे, एवढंच कळतं."

मी चमचाभर घेतलं. भांड्याच्या तळाशी कॉफीचं तळं साचलं होतं.

"पाणी सुटलंय," मी म्हटलं. "बिस्किटं जास्त भिजली. आणि कोको आत्ता खाताना घालायचा, काल नाही. काळा पडलाय बघा."

त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि मस्कारपोनेच्या पावतीच्या मागे ते लिहून घेतलं. वाईट वाटल्याचं दिसलं नाही. बरं वाटल्याचंही नाही.

त्यानंतर दर शनिवारी. मे महिन्यापर्यंत पाणी सुटायचं बंद झालं. जूनमध्ये मलई अशी जमायला लागली की चमचा उभा राहावा. एकटा माणूस एवढं खाणार किती, म्हणून रविवारी चर्च सुटल्यावर ते भांडं घेऊन बारमध्ये यायला लागले. पत्ते खेळणारे पत्ते बाजूला ठेवत. कोणी म्हणे, "वा ओलिंदो!", कोणी म्हणे, "अगदी एर्सिलियाच्या हातचं." ते मान डोलवत, भांडं रिकामं झालं की धुऊन घेत आणि घरी जात. डॉक्टरांकडेही एकदा जाऊन आले. काय म्हणाले डॉक्टर, मी विचारलं. "रक्तदाब चांगला आहे म्हणाले."

ऑगस्टमधली गोष्ट. त्या रविवारी मीही बारमध्ये होते. गावचा न्हावी फियोरेन्झो, मनाने चांगला पण जीभ सैल, दोन ग्लास वाईन पोटात गेलेली. त्याने तोंड पुसलं आणि मोठ्याने म्हणाला, "खरं सांगू का ओलिंदो? देव तिच्या आत्म्याला शांती देवो, पण हे तिच्यापेक्षा भारी झालंय. तिचं मेलं कडू असायचं."

ओलिंदो उभे राहिले. फियोरेन्झोच्या हातातली बशी त्यांनी काढून घेतली. शेजारच्या दोघांचीही घेतली. एकाचा चमचा तोंडात होता, तो तसाच राहिला.

"कडू?" ओलिंदो म्हणाले. "तुला काय माहीत रे कडू? मला साखर कमी खायला सांगितलेली, म्हणून ती कमी घालायची! स्वतःला गोड हवं असायचं तिला! वीस वर्षं चमचाभरही जास्त घातली नाही!" आवाज एवढा चढला की काउंटरमागची बाई आतून धावत आली. "भारी झालंय म्हणे! बशा ठेवा! ठेवा सगळ्यांनी!"

सगळ्यांनी ठेवल्या. त्यांनी उरलेलं सगळं भांड्यात खरवडून भरलं आणि भर उन्हात ते कवटाळून घरी निघून गेले. पत्तेवाल्यांनी पुन्हा पत्ते उचलले. फियोरेन्झो तेवढा पुटपुटत राहिला, "मी काय वाईट बोललो?"

सोमवारी सकाळी मी दुकानाचं दार उघडते तो ओलिंदो बाहेर उभे.

"काल राग आला," ते म्हणाले. ताप आला सांगावं तसं.

"बघितलं मी. मग?"

"मग काही नाही. घरी पोचेपर्यंत होता. भांडं ठेवलं, मलई वितळलेली दिसली, आणि गेला. थोडा वेळ वाटलं की आता पुढचंही येईल. खुर्चीत बसून वाट पाहिली." ते काउंटरवरच्या चष्म्यांच्या फिरत्या स्टँडकडे बघत होते. "आलं नाही."

मी म्हटलं, "साखरेचं तुम्हाला माहीत होतं तर इतकी वर्षं."

"माहीत होतं. तिला माहीत होतं की मला माहीत आहे. बोलायचं काय त्यात?"

दुसऱ्या दिवशी ते फियोरेन्झोच्या दुकानात गेले आणि खुर्चीत बसले. फियोरेन्झोने साबण लावला, दाढी केली, मानेवरचे केस साफ केले. शेवटी टॉवेल झटकत एवढंच म्हणाला, "रविवारी यायचंय." ओलिंदो म्हणाले, "येईन." ते आले. भांडंही आलं. त्याची तुलना परत कोणी केली नाही.

हिवाळ्यात कोंबड्या अंडी द्यायच्या थांबल्या, तेव्हा ते दुकानातून अंडी आणून करू लागले. आता गावात कुणाचं बारसं असो, कुणाचा साठावा वाढदिवस असो, ओलिंदोंना निरोप जातो. जमतं का, विचारलं तर म्हणतात, "लोक खातात." त्यांच्यात फार बदल झालाय असं मी म्हणणार नाही. बाग करतात, झोपतात, शनिवारी फेटतात. काही वेगळं जाणवलं की मला येऊन सांगतात, पण महिनोन्‌महिने सांगण्यासारखं काही नसतं.

मार्चमध्ये एर्सिलियाला जाऊन वर्ष झालं, तेव्हा चर्चमध्ये तिच्यासाठी प्रार्थना झाली. मी मागच्या बाकावर होते. पाद्रींनी नाव घेतलं आणि नोएमीचा बांध फुटला. रुमाल काढायला हात रिकामे हवेत म्हणून तिने आपली पर्स शेजारी बसलेल्या ओलिंदोंच्या मांडीवर टाकली. ते पूर्ण प्रार्थनाभर ती दोन्ही हातांनी धरून बसले, डोळे कोरडे. बाहेर पायऱ्यांवर आल्यावर त्यांनी पर्स तिला दिली आणि विचारलं, "काय भरतेस गं यात एवढं?"

"किल्ल्या," नोएमी नाक पुसत म्हणाली. "छत्री. गुडघ्याची गोळी. पाण्याची बाटली."

"छत्री कशाला? ऊन आहे."

"असू दे," ती म्हणाली आणि परत रडायला लागली. ओलिंदोंनी पर्स पुन्हा तिच्याकडून घेतली, खांद्याला लावली आणि दोघं हळूहळू रस्ता ओलांडून गेली.