साठ ओहमचा जाब

पौष महिना. वस्तीतले निम्मे लोक कोपरगावकडे ऊसतोडीला गेलेले असताना आमच्या नळाच्या मोटारीचे अर्थिंग कोरड्या मुरमात गाडले गेले. जबाबदार : ठेकेदार.
चैत्रातला पहिला सोमवार. नळाला झिणझिण्या येतात, ही माझी लेखी तक्रार पोच देऊन फाईलला लावली. कोणी फिरकले नाही. जबाबदार : पाणीपुरवठ्याचे अभियंते.
अक्षय्य तृतीयेचा आदला दिवस. घागर भरताना माझी भावजय नळावरून फेकली गेली. उजव्या हाताची तीन बोटे आजही वळत नाहीत. जबाबदार : वरील दोघे.
त्यानंतरची ग्रामसभा. माझा अपमान. जबाबदार : अभियंता, सरपंच आणि जे जे हसले ते सर्व.

सभा शाळेच्या ओट्यावर भरली होती. मी उभा राहून अर्ज वाचत होतो. 'अर्थिंगचा रोध' हे शब्द आले आणि अभियंत्यांनी हात वर केला.

"बाबा, ते आकडे राहू द्या. करंट येतो म्हणता ना? मग चला, हात लावून दाखवा."

सरपंचांनी री ओढली. "आवो सायेब, त्यांचा जलम गेला तारा धरन्यात. त्यांला काय व्हतंय?"

सभा हसली.

मी वीज खात्यात एकतीस वर्षे हेल्पर होतो. लागलो तेव्हा आमच्या लाईनमनच्या खिशात टेस्टर असे. तो खिशातच राही. लाईनमन म्हणे, "टेस्टर कशाला काढायचा? ह्यो हाय की. ए, उलटा हात लाव." उलटा, कारण तळहात लावला तर मूठ आवळते आणि तार सुटत नाही. नोकरीत मला शिकवलेली पहिली गोष्ट ही. मी हात लावायचो. झटका बसला की सगळे हसायचे. मीही हसायचो. त्यांना मी एक वेळ माफ करीन. माझ्या त्या हसण्याला माफी नाही.

गणित मी रद्दीतल्या एका पुस्तकातून शिकलो. व्होल्टला अँपिअरने भागले की रोध. दोन्ही गुणले की वॅट, म्हणजे शक्ती. दोन ओळी. एकतीस वर्षांत त्या मला कोणी सांगितल्या नाहीत. कारण हेल्परला आकडा कळला की तो उलटा हात पुढे करत नाही.

त्या दिवशी ओट्यावर मी म्हणालो, "हात लावणार नाही. मीटर लावतो."

मोटारीची खोली शाळेच्या भिंतीला लागूनच आहे. लोक मागे आले. मोटार चालू करायला लावली. नळापासून लांब जमिनीत एक सळई ठोकली, ती आणि नळ यांच्यामध्ये मीटर धरला आणि अभियंत्यांना म्हणालो, "वाचा." ते मोबाईल बघू लागले. तेव्हा भावजय पुढे झाली. हात गळ्यात बांधलेला.

"नव्वद हायेत, भावजी."

अर्थिंगच्या तारेतला प्रवाह मोजायला तिला चिमटा-मीटर लावला. तोही भावजयीनेच वाचला. "दीड."

नव्वद व्होल्ट भागिले दीड अँपिअर. साठ ओहम. असायला हवा पाचाच्या आत.

"तुमचं शिक्षण काय?" अभियंत्यांनी विचारले.

"सातवी."

"मग हे कुठं शिकलात?"

"भागाकार चौथीत असतो, साहेब."

या वेळी सभा हसली नाही.

मी पुढचेही सांगितले. मोटारीची अख्खी लाईन नळात उतरली, तरी साठ ओहममधून दोनशे तीस व्होल्ट चार अँपिअरसुद्धा ढकलू शकत नाहीत. फ्यूज सोळा अँपिअरचा. तो कधीच उडणार नाही. म्हणजे नळ जिवंत राहणार, माणूस राहील न राहील. नव्वद गुणिले दीड, एकशे पस्तीस वॅट आजही त्या मुरमात जिरत आहेत. ओल्या माणसाचा रोध हजार ओहम धरा. नव्वदला हजाराने भागून बघा. माझ्या घरातल्या बाईला मी त्या भागाकारात घातले आहे. जे उत्तर येते तेवढ्याने हृदय थांबते.

महिन्याने पाणीपुरवठा कार्यालयाचे पत्र आले. "सदर महिलेने ओल्या हाताने स्पर्श केल्याने घटना घडली. यंत्रणेत दोष नाही." पाण्याच्या नळाला कोरड्या हाताने शिवणारी बाई या जिल्ह्यात कुठे आहे, तेवढे त्या कार्यालयाने दाखवावे.

वरच्या आळीच्या नळालाही अर्थिंगचा खड्डा आहे. त्यात मीठ आणि कोळसा भरलेला आहे. उन्हाळाभर पंचायतीचा शिपाई रोज सकाळी दोन बादल्या पाणी ओततो. माती ओली राहिली की रोध उतरतो, हे त्याला ठाऊक आहे, सरपंचांना ठाऊक आहे. आमच्या खड्ड्यावर नुसती फरशी आहे. आमच्या बाया अजून बाभळीच्या वाळक्या काठीने नळ उघडतात. एखादी काठी एखाद्या दिवशी ओली असेल.

म्हणून यापुढे अर्ज नाही. सरपंच आणि अभियंता यांनी येत्या ग्रामसभेत, त्याच ओट्यावर, माझ्या भावजयीसमोर उभे राहून सांगावे : वरच्या आळीच्या खड्ड्यात रोज पाणी पडते, आमच्या खड्ड्यात एक तांब्याही का नाही? "बसा खाली" म्हटल्याने मी बसणार नाही. लेखी उत्तर स्वीकारणार नाही. तोंडाने बोला, सगळ्यांना ऐकू जाईल असे.