लॅमिनेशनवाले मामा

माझ्या बायकोच्या मामांच्या हाती एकदा कागद लागला की तो अमर झालाच म्हणून समजा. माणसं जातात, घरं पडतात, सरकारं बदलतात, पण मामांनी प्लास्टिकमध्ये बंद केलेला कागद उद्या प्रलय आला तरी गोदावरीत तरंगत राहील. मामांनी सगळी नोकरी एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली. तिथलं छत दर पावसाळ्यात गळायचं आणि पावसातून जे वाचेल ते वाळवी खायची. स्वतःच्या अक्षरातल्या नोंदींचा डोळ्यांदेखत लगदा होताना पाहून त्यांनी मनात कायमचा धसका घेतला असावा. कारण निवृत्त झाल्यावर त्यांच्या बरोबरीची मंडळी चारधामला गेली, आणि मामांनी घरी लॅमिनेशनचं मशीन आणलं. सिडकोतल्या त्यांच्या घरात ते देव्हाऱ्याशेजारी असे, आणि सकाळी देवांची पूजा झाली की लगेच त्याची पुसपास होई.

सुरुवात रेशनकार्डापासून झाली. मग विजेची बिलं, लग्नपत्रिका, मामींच्या भावाने पाठवलेलं एकुलतं एक पत्र आणि त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींनी लिहून दिलेली पूजेच्या सामानाची यादी, सगळं एकामागून एक त्या मशीनमधून गरम होऊन बाहेर आलं. एकदा तर डॉक्टरांनी लिहून दिलेली खोकल्याच्या औषधाची चिठ्ठीच त्यांनी लॅमिनेट केली. मेडिकलवाला तिच्यावर पेनने खूण करायला गेला तर पेन घसरून त्याच्याच अंगठ्यावर रेघ उमटली. तेव्हाच आम्हाला शहाणपण यायला हवं होतं, पण आम्ही पोट धरून हसलो. मामी मखमलाबादकडच्या मळेकरी घरातल्या, बोलायला रोखठोक. त्या म्हणायच्या, "एक दिवस मला पण त्या मशीनमधून काढतील हे. लय हौस हाय यांना जपायची!" मामा शांतपणे म्हणत, "तुझी साईज बसत नाही."

या दोघांची एकुलती एक लेक वृंदा. तिने इंग्रजी घेऊन बी.ए. केलं, मग बी.एड. केलं आणि जवळच्याच शाळेत शिकवायला लागली. पदवीचं प्रमाणपत्र घरी आलं त्या दिवशी मामांनी सगळ्यात जाड प्लास्टिक काढलं आणि खात्रीसाठी एकावर एक असं दोनदा लॅमिनेशन केलं. पाहुणे आले की मामा ती पदवी पाटावर ठेवून तिच्यावर तांब्याभर पाणी ओतायचे, नॅपकिनने पुसायचे आणि विचारायचे, "झालं काही?" पाहुणे नाही म्हणायचे. मग चहा यायचा.

दोन हजार सालाच्या आगेमागे अंबडच्या एका कारखान्यात नवीन मशिनरी बसवायला तीन कोरियन इंजिनिअर आले. त्यांना कामापुरतं इंग्रजी यावं म्हणून कारखान्याने संध्याकाळचा वर्ग ठेवला आणि वृंदाला बोलावलं. दोघे कामापुरतं शिकले, तिसरा जरा जास्तच शिकला. वर्षभराने तो हातात पेढ्यांचा पुडा घेऊन मामांच्या दारात उभा राहिला. मामींनी डोळ्याला पदर लावला. मामांनी मात्र त्याला नखशिखांत न्याहाळून एवढंच विचारलं, "पत्रिकाबित्रिका मी मानत नाही. कागदपत्रं आहेत का?" त्याने अदबीने दोन्ही हातांनी पासपोर्ट पुढे केला. मामांनी चाळून पाहिला, पसंत केला आणि मशीनकडे चालू लागले. "बाबा!" वृंदा अशी किंचाळली की शेजारच्या बिल्डिंगमधले लोक गॅलरीत आले. पासपोर्ट वाचला. पुढे लग्नाचा दाखला मिळाला तेव्हा जावयाने तो कचेरीतच आतल्या खिशात घातला आणि कोरियाला पोचेपर्यंत बाहेर काढला नाही. वृंदाने मात्र आपली पदवी बाबांकडेच ठेवली. तिथल्यापेक्षा सुरक्षित जागा जगात कुठे असणार होती?

सहा महिने वृंदाची पत्रं छान छान आली. मग एका रविवारी तिचा फोन आला. म्हणाली, "बाबा, सगळे चांगले आहेत हो. पण हे कामावर गेले की दिवसभर मी कोणाशी बोलत नाही. सासूबाई बोलतात ते मला कळत नाही, मी बोलते ते त्यांना कळत नाही. मला वर्गात उभं राहायचंय." फोन ठेवल्यावर मामा मशीनजवळ जाऊन बसले, पण त्यांनी ते चालू केलं नाही. मामी आत जाऊन भाजी निवडायला लागल्या आणि बराच वेळ त्यांनी निवडलेलीच भाजी परत निवडली.

पुढच्याच फोनवर मात्र चांगली बातमी आली. वृंदा राहायची तिथल्या एका शिकवणीवर्गाला इंग्रजीची बाई हवी होती. एरवी तिथे इंग्रजी शिकवण्याचा व्हिसा ठरावीक देशांच्याच लोकांना मिळायचा आणि त्यात आपला देश नव्हता. पण वृंदा कोरियन माणसाची बायको म्हणून तिथे राहत होती, त्यामुळे तिला नोकरी करायची मोकळीक होती. फक्त पदवी दाखवायची होती, तीही मूळ, आणि तिच्यावर इथल्या सरकारचे आणि वकिलातीचे शिक्के हवे होते. नवं सत्र सुरू होईपर्यंत वर्गवाले जागा धरून ठेवणार होते.

मामांच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. आठवडाभर त्यांनी सिडकोतल्या प्रत्येक माणसाला कोरियाचा कायदा समजावून सांगितला. "हक्क वेगळा आणि लायकी वेगळी," ते न्हाव्याच्या खुर्चीत बसून सांगत होते. "लग्नामुळे हक्क मिळाला, पदवीमुळे लायकी." न्हाव्याने वस्तरा थांबवून विचारलं, "मामा, माझ्या भाच्याचं जमंल का तिकडं?"

"बायको कोरियन आहे का?"

"नाय हो. सिन्नरची हाय."

"मग कठीण आहे," मामा गंभीरपणे म्हणाले.

पदवी घेऊन मामा आणि मी मुंबईच्या शिक्के मारणाऱ्या सरकारी कचेरीत गेलो. मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि फाईल पोटाशी धरली होती. खिडकीतल्या बाईंनी पदवी हातात घेतली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली आणि नखाने तिच्यावर टकटक केलं.

"काका, शिक्का कुठे मारू?"

"कुठेही मारा. पाणी पडलं तरी काही होणार नाही त्याला."

"तेच म्हणतेय मी. शाईसुद्धा लागणार नाही," बाई म्हणाल्या. "लॅमिनेट केलेलं आम्ही घेत नाही. मूळ कागद आणा."

"हाच मूळ आहे."

"मग सोडवून आणा."

परतीच्या एस.टी.त मामा कसारा घाटापर्यंत पदवीचा कोपरा नखाने उचकटून पाहत होते. घाटात म्हणाले, "रेकॉर्ड रूममध्ये एवढे कागद गेले, पण माझ्या हाताने एकही गेला नव्हता." मी काहीतरी समजुतीचं बोललो.

घरी आल्यावर मामींची इस्त्री, वाफेचं पातेलं आणि ब्लेड असे सगळे उपाय झाले. वरचं प्लास्टिक निघालं. खालचं निघताना त्याच्याबरोबर शाई निघाली आणि वृंदाचं आडनाव प्लास्टिकला चिकटून वर आलं. मामा खाली बसले. एरवी अशा वेळी मामींनी त्यांना धारेवर धरलं असतं. पण त्या नुसत्या शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "जाऊ द्या. दुसरा भेटंल ना कागद? पोरीला फोन लावा आधी."

आपली चूक कबूल करणं हे मामांना कधी जमलेलं नव्हतं. मीठ जास्त पडलं तरी ते पाण्याला दोष देत. त्या दिवशी मात्र त्यांनी फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. मग बोलणी खायच्या तयारीने रिसीव्हर कानापासून लांब धरला. आणि मग वृंदा हसायला लागली. इतकी हसली की रिसीव्हरमधून आम्हाला खोलीभर ऐकू आलं. "बाबा, पाणी ओतून पाहिलंत का?" ती विचारत होती. तिथे गेल्यापासून पोरगी अशी हसली नव्हती, असं मामी नंतर कितीतरी दिवस सांगत होत्या.

तिचा सही केलेला अर्ज आला आणि दुसऱ्या प्रतीसाठी आम्ही विद्यापीठात गेलो. प्रतिज्ञापत्रात कारण लिहायचं होतं. बाहेरच्या टायपिस्टने सवयीने "प्रवासात गहाळ झाले" असं टाईप करायला घेतलं. मामांनी त्याचा हात धरला. "गहाळ नाही झालं. लिही, वडिलांनी अति काळजी घेतल्याने खराब झाले." टायपिस्ट म्हणाला, "काका, 'अति काळजी' काढू का? नुसतं 'खराब झाले' चालतं." मामा म्हणाले, "चालत असेल. पण खरं ते आहे." तसंच टाईप झालं. आतल्या साहेबांनी ते दोनदा वाचलं, मामांकडे पाहिलं, आणि बसायला खुर्ची दिली.

नवी प्रत आली आणि मामांनी ती घरी न्यायचीसुद्धा हिंमत केली नाही, परस्पर मुंबईला नेली. यावेळी शिक्के नीट उमटले. सत्र सुरू व्हायला चार दिवस असताना पाकीट वृंदाच्या हातात पडलं. जागा तिचीच राहिली. पहिल्या महिन्यातच तिने वर्गाचा फोटो पाठवला. वीसेक पोरं दात काढून हसताहेत आणि मधे आमची वृंदा, हातात खडू.

याला आता काही वर्षं झाली. वृंदा दोन-तीन वर्षांतून एकदा येते, आठ दिवस राहते आणि जाते. मामांचे गुडघे गेले आहेत आणि देव्हाऱ्याशेजारच्या मशीनवर मामींनी फुलांची परडी ठेवायला सुरुवात केली आहे. मागच्या आठवड्यात मी गेलो तेव्हा मामांनी शर्टाच्या खिशातून तो वर्गाचा फोटो काढला. येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात देऊन देऊन त्याचे कोपरे झिजले आहेत, मधे घडी पडली आहे, एका पोराच्या गालावर हळदीचं बोट उमटलंय. मला वाईट वाटलं. मी म्हटलं, "मामा, आता मात्र हा लॅमिनेट करून घ्या. फार दिवस टिकणार नाही."

मामांनी फोटो माझ्या हातातून काढून घेतला. उलटा करून त्याच्या कोऱ्या बाजूवरून अंगठा फिरवला.

"नको," ते म्हणाले. "अजून कुठे कुठे जायचंय वृंदाला. शिक्का मारायला जागा राहू दे."