वाऱ्याला विचारणारे काका

"थांबा, आधी वाऱ्याला विचारतो," म्हणत काका खिशातून उदबत्तीचा पुडा काढायचे. कारखान्यांसाठी जागा शोधून देणाऱ्या आमच्या अंबरनाथच्या ऑफिसात ते पाहणीचं काम करायचे. वारा मोजायचं यंत्र ऑफिसात होतं, पण ते कपाटात आणि कपाटाची किल्ली साहेबांकडे. म्हणून उदबत्ती; तिचा धूर जाईल तिकडे वारा.

प्लॉट बघण्याआधी ते शेजारच्या वस्तीत शिरत. "ताई, पाणी बोअरचं की नळाचं? घरात म्हातारी माणसं किती?" बायकांना वाटायचं, निवडणूक आली. त्या गटाराची तक्रार सांगायच्या आणि काका तीही लिहून घ्यायचे. असा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल, साहेबाला नकोसा झालेला.

उल्हासनगरच्या एका शेठना बेलवलीच्या पुढे रंगाचा कारखाना काढायचा होता. प्लॉटला लागूनच चाळ. 'संध्याकाळचा सगळा धूर चाळीत जाईल, ही जागा नको,' असा अहवाल काकांनी दिला. साहेबांनी तो दोनदा परत पाठवला. शेवटी एका संध्याकाळी शेठ स्वतःच जागेवर आले; काकांबरोबर मीही होतो. काकांनी उदबत्त्या पेटवल्या मात्र, शेठनी बूट काढले.

"अरे, पूजा है तो पहले बोलने का ना! मी नारळ आणला असता."

"शेठ, पूजा नाही. मी वारा बघतोय."

"हां हां, वायुदेवता!" काट्याकुट्यांत अनवाणी उभं राहून शेठनी डोळे मिटले.

काका देवाधर्माच्या वाटेला न जाणारे. पुन्हा समजावून सांगायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात शेठनी डोळे उघडले. धूर सरळ चाळीकडे चालला होता. शेठचा चेहरा पांढराफटक पडला.

"देवाने पाठ फिरवली! ये जगह नहीं चलेगी."

काकांनी उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

रिक्षात बसल्यावर म्हणाले, "आज आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललो."

"तुम्ही तर काहीच बोलला नाहीत."

"तेच ना!"

काका गेले, त्याला आता दोन वर्षं होतील. परवा त्या बाजूला काम निघालं, तेव्हा उगाचच चाळीत शिरलो. दोरीवर कुणाच्या तरी बाळाची दुपटी वाळत होती, पांढरीशुभ्र. मला एकदम भरून आलं. काकांबद्दल कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं.

दारात बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या बाईने विचारलं, "दादा, कुणाकडे आलात?"

काकांचं नाव सांगून तिला काय कळणार होतं?

"कुणाकडे नाही," म्हणालो आणि परत फिरलो.