मुरबाडला रविवारी सुट्टी नसते

"रविवारी प्लांट बंदच असतो, त्यामुळे कुणालाच त्रास नाही," सबनीस सर स्क्रीनवरून म्हणाले. मुरबाडच्या मीटिंग रूममध्ये देसले साहेबांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. मी मान खाली घातली.

आमच्या एमआयडीसीत सुट्टी शुक्रवारी असते. नाक्यावरच्या पानवाल्यालाही हे माहीत आहे. रविवारी आमची फर्स्ट शिफ्ट फुल चालते.

सबनीस सर म्हणजे मुंबईच्या हेड ऑफिसने नेमलेले कन्सल्टंट. कंपनीचं जुनं सॉफ्टवेअर नव्यावर नेण्याचं काम त्यांच्याकडे होतं. ऑर्डर, स्टॉक, बिल, खोक्यावरचं लेबल, सगळं त्या एकाच सिस्टीमवर चालतं. ती हलवताना काही काळ सगळ्यांना बंद ठेवावी लागते, कारण मध्येच कुणी एंट्री केली तर ती ना जुन्यात सापडते ना नव्यात. या बंद काळाला डाउनटाइम म्हणतात. सरांनी तो शनिवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ असा धरला होता.

मी डिस्पॅचचा ऑपरेटर. किनवटकडचा. नववीत शाळा सुटली आणि लोडिंगच्या कामाला इकडे आलो. मला कॉम्प्युटरवर बसवलं ते स्टोअर्सचे मॅनेजर असलेल्या देसले साहेबांनी. हे उपकार मी विसरलेलो नाही. म्हणूनच मीटिंगमध्ये मी तोंड उघडत नाही. आपण काही वावगं बोललो तर बोल त्यांना लागेल, ही धाकधूक असते.

"सर, रविवारी आमची सुट्टी नाय. शुक्रवारी असते," देसले साहेब म्हणाले.

"अच्छा? मग शुक्रवारी करू."

सरांनी माइक बंद करून शेजारी कुणाला तरी विचारलं. परत आले. "शुक्रवारी इथलं बिलिंग थांबवता येणार नाही. रविवारच ठेवू. एका रविवारचा तर प्रश्न आहे."

एका रविवारचा! आमच्या पॅकिंगच्या बायका किन्हवलीकडून, शहापूरकडच्या पाड्यांवरून जीप धरून येतात. कॉन्ट्रॅक्टवर. सिस्टीम बंद म्हणजे लेबल नाही, लेबल नाही म्हणजे पॅकिंग नाही, आणि पॅकिंग नाही म्हणजे कॉन्ट्रॅक्टर त्यांना गेटवरूनच परत पाठवणार. वर त्या दिवसाचा खाडा त्यांच्याच नावावर. कारखान्याने काम दिलं नाही तरी गैरहजर बाई! हा नियम कुणी केला, मला आजवर कळलेलं नाही.

बातमी मीटिंग संपायच्या आत पॅकिंगला पोचली होती. रंजनाताईंनी मला दारातच धरलं. मी नवीन होतो, मेसची सोय नव्हती, तेव्हा या बाईने कितीतरी दिवस आपल्या डब्यातली तांदळाची भाकर मला अर्धी मोडून दिली आहे.

"काय रे, रविवारी येऊ नका सांगतात, खरं हाय का?"

"अजून पक्कं नाही, ताई."

"पक्कं करनारा कोन? तुज्या मशीनला सुट्टी पायजे तर घेऊ दे ना. आमचा खाडा का लावता?"

"माझ्या हातात नाही हो."

"मग तोंड तरी तुज्या हातात हाय ना?"

बाकीच्या बायका हसल्या. मला हसू आलं नाही.

पुढच्या मीटिंगला मी देसले साहेबांकडे बघितलं. ते म्हणाले, "बोल रे. खाणार नायत ते तुला."

"सर," मी म्हणालो, "गोडाऊन बदलताना आम्ही सगळा माल एकाच दिवशी उचलत नाही. पडून असलेला माल आधी नेतो, काम चालू ठेवून. रोज हलणारा तेवढा शेवटी. सिस्टीमचं तसं होत नाही का?"

"होतं ना," सर अगदी सहज म्हणाले. "पूर्ण झालेल्या ऑर्डरी, मागच्या वर्षांचा डेटा आधी हलवता येतो. त्या काळात इकडे झालेले बदल सिस्टीम टिपत राहते. शेवटी बंद करून फक्त ते बदल न्यायचे. डाउनटाइम बराच खाली येतो."

"मग पहिल्यापासून तसं का नाय धरलं?" देसले साहेबांचा आवाज चढला.

"तयारी जास्त लागते. तालमी जास्त. आणि रविवार मोकळाच होता, म्हणून..."

माझं डोकं सणकलं. म्हणजे उपाय होता, माहीतही होता. फक्त दिवस आपला जाणार नाही म्हटल्यावर तो वाचवायचे कष्ट कुणी घेतले नाहीत!

देसले साहेबांनी हेड ऑफिसला एवढंच कळवलं की रविवारी मुरबाडहून गाड्या निघाल्या नाहीत तर सोमवारी ग्राहकांचे फोन तुम्ही घ्या. त्यानंतर जास्तीची तयारी मंजूर झाली. बायकांच्या खाड्यावर नाही, ग्राहकांच्या फोनवर. तेही लक्षात ठेवलं मी.

मग सबनीस सरांनी काम मात्र मन लावून केलं. सिस्टीमची कॉपी काढून तालीम घेतली. पहिली फसली. माल घेणं बंद केलेल्या ग्राहकांच्या अर्धवट ऑर्डरी मध्येच अडकत होत्या. आम्ही त्या इकडे बसून एकेक बंद केल्या. दुसरी तालीम सरळ गेली. तरी रविवारी सकाळी काही तास सिस्टीम बंद राहणारच होती, म्हणून त्या सकाळची लेबलं शनिवारीच छापून ठेवायचं ठरलं.

रविवारी जीप नेहमीच्या वेळेला आली. गेटवर कॉन्ट्रॅक्टरचा माणूस उभा होता. देसले साहेब त्याच्या बाजूला जाऊन उभे राहिले. सगळ्या बायका आत गेल्या. छापील लेबलांवर पॅकिंग सुरू झालं. लेबलं संपायला आली आणि नवा स्क्रीन उघडला. पहिलं लेबल वाकडं आलं, दुसरं सरळ. रंजनाताईंनी वाकडं मला आणून दिलं. "घे, तुज्या मशीनची आठवन."

जेवणाच्या सुट्टीनंतर गाड्या निघाल्या. खाडा कुणालाच लागला नाही.

सोमवारी हेड ऑफिसची मेल आली. मुरबाडच्या टीमने आपली रविवारची सुट्टी आनंदाने दिल्याबद्दल सर्वांचे आभार. देसले साहेबांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, "यांना अजून कळलं नाय रे."

काही दिवसांनी कंपनीच्या दुसऱ्या कारखान्याचा प्लॅन आला. तिथेही डाउनटाइम रविवारी. मी पहिल्यांदाच स्वतःच्या नावाने उत्तर पाठवलं, सबनीस सरांना, सगळ्या साहेबांना कॉपी ठेवून: तिथे सुट्टी कधी असते, ते तिथे कुणाला विचारलं का?

उत्तर अजून आलेलं नाही. रविवारची तारीख मात्र प्लॅनमधून काढली आहे.