डावीकडचा दरवाजा
हे मी आजवर कोणालाच, अगदी बायकोलाही, सांगितलेलं नाही. पितळेचे सांधे जोडायला डाग देताना नवसागराचा धूर नाकात गेला की मला बोरी अरब गावचे चाचा आठवतात. आमच्या छोट्या लाइनवर पूर्वी रूळ तपासायला एक वेगळंच वाफेचं इंजिन धावायचं. साहेबाची बसायची खोली त्या इंजिनालाच जोडलेली, तिला एकच दरवाजा. एका जुन्या फोटोवरून मी त्याचं पितळेचं हातभर मॉडेल केलं, दरवाजा फोटोत दिसला तसा डावीकडे ठेवला आणि यवतमाळच्या प्रदर्शनात मांडलं. चाचांचे वडील त्याच इंजिनावर कोळसा टाकायचे. चाचा वाकून बघत म्हणाले, “बाबू, दरवाजा उजवीकडं होता. अब्बानं मले तिथूनच चढवलतं.” मी चारचौघांत म्हटलं, “मंग फोटो खोटं बोलते काय, चाचा?” सगळे हसले. टोपी सारखी करत ते म्हणाले, “माहीच याद सडली असंन, बाप्पा.” त्याच आठवड्यात भिंगातून पाहिलं, तर फोटोतल्या साहेबाच्या कोटाची बटणं बायकांच्या कपड्यांसारखी उलट्या बाजूला होती. फोटोच उलटा छापलेला होता. मी गुपचूप दरवाजा उजवीकडे बसवला; माझा हात सराईत आहे, सांधा कोणाला दिसत नाही. चाचा आता थकलेत, पण बोरीलाच आहेत, आणि आपलीच आठवण खोटी होती असं मानून बसलेत. लोकांसमोर “चाचा, तुमचंच खरं होतं” एवढं म्हणण्याचं देणं मी त्यांना अजून लागतो.