हिरवं गोल बटण

हिंदी मुलखात, रामघाटावरच्या आमच्या मराठी घरात बाबांनी तीस-पस्तीस वर्षं वेदाची संथा दिली. गुरूने एकदा म्हणायचं, शिष्याने दोनदा. पुस्तक मिटलेलं, सगळा कारभार कानाचा. चूक सापडली की बाबा एवढंच म्हणत, "पुन्हा, पहिल्यापासून." मुलगी म्हणून मला त्या खोलीत बसायला मिळालं नाही. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता ऐकायची. त्याचा राग मी बरीच वर्षं जपून ठेवला आहे.

काचबिंदूने बाबांची दृष्टी गेली. तिच्यावाचून संथेचं काही अडणार नव्हतं, पण शिष्य दुसरीकडे जाऊ लागले आणि एक दिवस खोली रिकामी झाली. बाबा त्याच खोलीत खिडकीशी बसून राहायचे. जेवायला हाक मारली की उठायचे. वेबसाइट बनवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. मी म्हटलं, तुमच्यासाठी एक बनवते. दूरची माणसं आपलं पठण रेकॉर्ड करून पाठवतील, तुम्ही ऐकायचं आणि चूक सांगायची. नागपूरचे एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ लगेच तयारही झाले.

साइट देखणी झाली. बाबांच्या हातात फोन दिला, त्यातला वाचून दाखवणारा आवाज सुरू केला. बोट सरकवलं की आवाज म्हणाला, बटण. पुढे सरकवलं, पुन्हा बटण. अशी सात. प्रत्येकावर मी झकास चित्र काढलं होतं, पण एकालाही नाव दिलं नव्हतं. दुसऱ्यांच्या साइटमधल्या अशा चुका काढण्यात माझा हात कोणी धरत नाही, आणि घरात ही तऱ्हा.

ओशाळले की मी चिडते. म्हटलं, आणा इकडे, मी दाबून देते.

"मतलब रोज तुझी वाट बघायची," बाबा म्हणाले. "मग रहने दे."

त्यांनी फोन चटईवर ठेवला आणि तोंड खिडकीकडे केलं. मला ते फार लागलं.

रविवारभर बसून नावं घातली. हिरवं गोल बटण. लाल चौकोनी बटण. उजवीकडचा बाण. मी स्वतःवर बेहद्द खूश होते. बाबांनी सगळी नावं शांतपणे ऐकून घेतली.

"हिरवं दाबलं तर होणार काय?"

मी सांगितलं, रेकॉर्डिंग ऐकू येईल.

"तर तसं लिही ना. रंग घेऊन मी काय करू?" आणि मग, सवयीने, "पुन्हा, पहिल्यापासून."

मला राग यायला हवा होता. खोटं कशाला सांगू, आनंद झाला. इतक्या वर्षांत ते शब्द पहिल्यांदा माझ्या वाट्याला आले होते.

या वेळी मी डोळे मिटून बसले आणि ऐकून जे कळलं नाही ते बदलत गेले. ऐका. थांबवा. उत्तर बोला. पाठवा. शेवटी नुसती बरोबरची खूण उमटायची, तिथे 'पाठवलं' असं बोलायची सोय केली. काम झालं तरी बाबा दोन दिवस फोनला हात लावेनात.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भाजी घेऊन परतले तर जिन्यातच बाबांचा आवाज आला, जुना, खणखणीत. "तिसऱ्या ओळीत स्वर घसरला. पुन्हा, पहिल्यापासून." क्षणभराने फोन म्हणाला, पाठवलं.

मी संथेच्या खोलीच्या दारात उभी राहिले. डोळे भरून आले होते. बाबांनी माझी पावलं ओळखली.

"नागपूरचे आहेत. साठीचा माणूस, पण मेहनत करतो," ते म्हणाले. मी चहा टाकायला वळले, तेवढ्यात त्यांनी हाताने चाचपून आपल्यासमोरची चटई सरळ केली.

"चहा नंतर. अजून एक आलं आहे. तू बैस इथे, ऐक."

पिशवी दारातच ठेवून मी बसले.